रोज सकाळी बंद पडणारा रेडिओ

बोलणं संपलं की सुभेदार उजव्या हाताची करंगळी समोर जे असेल त्यावर टक्कन वाजवायचे. टेबल असेल तर टेबलावर, कप असेल तर कपावर, काहीच नसेल तर स्वतःच्या गुडघ्यावर. करंगळी वाजत नाही तोवर गडी थांबलेला नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. नवखा माणूस मध्येच तोंड घालायला गेला की ते भुवई वर करायचे आणि म्हणायचे, “थांबा जरा, ऑर्डर पुरी झाली न्हाई अजून.”

ही सवय फौजेतली असणार असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं, कारण उभी नोकरी त्यांनी लष्करात वायरलेसच्या सेटवर काढलेली. पण नाही, ती त्यांच्या नव्या रेडिओनं लावलेली. तुमच्या-माझ्या डोळ्यासमोर रेडिओ म्हटलं की गोल बटणं येतात, काटा येतो. सुभेदारांचा रेडिओ म्हणजे डब्याएवढी काळी पेटी. पुढं एक हिरवा दिवा आणि एक चालू करायचं बटण, संपलं. बाकी सगळं कॉम्प्युटरवर टाइप करून त्याला सांगायचं. दोन अक्षरं, मागं आकडे आणि शेवटी अर्धविराम. कीबोर्डवर अर्धविराम करंगळीखाली येतो. तो द्यायचा राहिला तर पेटी काही करत नाही, नुसती वाट बघत बसते. तिला वाटतं, साहेबांचं बोलणं अजून चाललंय.

“लय शिस्तीचं हाय बगा भाई,” सुभेदार कौतुकानं म्हणायचे. “आपल्यात हाय का कुणी एवढं? समोरच्याचं वाक्य पुरं हुईस्तवर गप बसणारं?” हे ते मला ऐकवत होते हे कळायला मला काही वेळ लागला नाही. मला मध्ये बोलायची खोड आहे, आमच्या घरात सगळ्यांनाच आहे.

मी सांगलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. गल्ली मला भाई म्हणते. सुभेदार दुकानाच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. रोज दुपारी एक चक्कर दुकानात ठरलेली. कधी केबल पाहिजे, कधी नुसता चहा पाहिजे. पण चहाची ऑर्डर द्यायच्या आधी विचारणार, “भाई, तुमचा चा झालाय का?” झालेला नाही हे त्यांना दिसत असायचं, तरी विचारणार. “आधी इचारायचं, मग सांगायचं” हा त्यांचा कायदा. रेडिओलासुद्धा तोच. अक्षरं नुसती टाइप केली की पेटी सांगते मी आत्ता कुठल्या स्टेशनवर आहे. पुढं आकडे दिले की मुकाट्यानं तिकडं जाते. स्वतःच पाच मिनिटांपूर्वी लावलेलं स्टेशन हलवायचं असलं तरी सुभेदार पहिल्यांदा पेटीला विचारून घ्यायचे.

एकदा गल्लीत गाडी लावण्यावरून दोघांची जुंपली होती. अगदी हातघाईवर आलेली. आम्ही सगळे ओरडत होतो, “अहो, सोडा, जाऊ द्या!” कोण ऐकतंय? सुभेदार खाली आले, एकाला विचारलं, “तुमाला कवा निघायचंय?” दुसऱ्याला विचारलं, “तुमाला कवा निघायचंय?” एकाला सकाळी निघायचं होतं, दुसऱ्याला दुपारी. “मग ह्यांची पुढं, त्यांची मागं,” टक्क. भांडण संपलं. दोघांनाही भांडून झाल्यावर जरा चुकल्यासारखंच वाटलं असेल.

ती पेटी मात्र सांगलीत नव्हती. का, ते आता सांगतो. सांगलीत लावून बघितली, नुसती खरखर. घरोघरी एलईडीचे दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, आणि माझं दुकान तर खरखरीचं माहेरघर. लांबचं बारीक स्टेशन ऐकायचं तर जागा शांत पाहिजे. सुभेदारांचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. तिथं विजेचं सामान कमी आणि माळ मोकळा. पेटी तिथं ठेवायची, तिला इंटरनेट जोडायचं आणि इथं सांगलीत बसून तिला ऑर्डरी सोडायच्या, असा बेत. जोडणी करायला मला घेऊन गेले.

घर त्यांच्या थोरल्या बहिणीचं. ते तिला आक्का म्हणायचे, ती त्यांना आप्पा. आक्का विधवा. दोन्ही मुलं मुंबईला कामाला, सुना-नातवंडं तिकडंच. इथं आक्का, चार शेळ्या आणि एक कडुलिंब. आम्ही कडुलिंबापासून घराच्या आढ्यापर्यंत तार ताणली, पेटी सोप्यातल्या देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. आक्का कमरेवर हात ठेवून बघत होती. बाई उंच, भावासारखीच ताठ, आणि आवाज असा की शेळ्या जागच्या जागी थांबाव्यात.

“हे काय खातंय का?” तिनं पेटीकडं बोट केलं.

“वीज खातंय थोडी,” सुभेदार म्हणाले.

“मग ऱ्हाऊ दे. माणसापरीस बरं हाय.”

मला तिनं हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी वाढली. नको म्हणायची सोय नव्हती. जेवताना सुभेदारांनी हळूच विषय काढला, “आक्का, तब्येत कशी हाय तुजी?” झालं! “तू बी लागलास का?” ती म्हणाली. “दोन पोरं रोज फोन करत्यात, कशी हायस, कशी हायस. मी काय जेलात हाय का, रोज हजेरी घ्यायला? मेले की कळंल गावाला.” सुभेदारांनी खाली मान घालून भाकरी मोडली. एवढा सुभेदार, पण बहिणीपुढं पार रिक्रूट.

परत येताना गाडीत त्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी आक्का गोठ्यात पाय घसरून पडली होती. सकाळी पडली, शेजारीण आली ती दुपारी. तोवर तशीच. कुणालाच तिनं सांगितलं नाही, शेजारणीकडून कळलं. सांगलीला आणली तर चार दिवसांत परत गेली. म्हणे इथल्या पाण्याला चव नाही आणि माणसांना सकाळ होत नाही. “फोन केला, कशी हायस म्हणलं, की ठेवून देती,” सुभेदार म्हणाले. “पुन्हा पडली तर मला कोण सांगणार भाई?” ह्या वेळी करंगळी वाजली नाही. मीही मध्ये बोललो नाही.

पेटी मात्र झकास चालली. सुभेदार सांगलीत बसून आकडे टाइप करायचे आणि माणातल्या सोप्यात स्टेशन बदलायचं. आवाज इथं कॉम्प्युटरवर यायचा, आणि पेटीच्या स्पीकरमधून तिकडंही. पहिल्या आठवड्यात आक्काचा फोन, “तुजं मशिन लय कोकलतंय. आज चिनी बोलत हुतं, शेळ्यांनी वैरण टाकून दिली.” सुभेदारांनी इथून ऑर्डर सोडून तिकडचा आवाज बंद केला. दुसऱ्या दिवशी परत फोन, “आरं मेलं का ते? घर कसं सुनं सुनं लागाय लागलंय.” आवाज परत थोडा वाढवला.

पेटीला सिग्नलचा जोर विचारायचीसुद्धा ऑर्डर होती. तीही सुभेदार दिवसातून कितीदा तरी विचारायचे. एकदा माझ्यासमोर आकडा धाडकन खाली आला. त्यांनी फोन लावला, “आक्का, तारंवर काय टाकलंस?”

“गोधडी. का?”

“काढ ती.”

“वाळल्याबिगर काढत न्हाई,” आणि फोन बंद. पण सुभेदार केवढे खूश झाले! “गोधडी धुतली म्हंजे गडी ठणठणीत हाय.” पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

आमची अम्मी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण कान शाबूत. सुभेदार एकदा तिला भेटायला आले आणि नेहमीप्रमाणे आधी विचारलं, “अम्मी, काय ऐकायला आवडंल?” अम्मी म्हणाली, लहानपणी तिच्या अब्बांच्या रेडिओवर अरबस्तानातून कुराणाची तिलावत लागायची, लांबून, लाटेसारखी वरखाली होत. झालं, सुभेदार त्याच्या मागं लागले. मी म्हटलं, अहो, मोबाइलवर लावतो की, स्वच्छ ऐकू येते. ते म्हणाले, “त्यांना स्वच्छ नको हाय भाई, लांबनं येणारी पायजे.” तिन्हीसांजेला त्यांनी ती पकडली, आणि तो आवाज माणातल्या कडुलिंबावर उतरून अम्मीच्या उशापाशी आला. अम्मी हात जोडून रडली. तिकडं आक्काचा फोन, “काय लावलंस रं? लय चांगलं म्हणतोय. ऱ्हाऊ दे तसंच.” अम्मी असेपर्यंत रोज संध्याकाळी ते चुकलं नाही. हा उपकार मी कुठं फेडू?

आणि मग पेटी बंद पडायला लागली.

पहिल्यांदा पडली ती त्यांच्याच चुकीनं. तिकडं विजा कडाडताहेत असं कळल्यावर पेटी जळू नये म्हणून त्यांनी बंद करायची ऑर्डर सोडली. पेटी शिस्तीची, झाली बंद. विजा थांबल्यावर त्यांनी चालू व्हायची ऑर्डर सोडली आणि बसले वाट बघत. अहो, बंद पडलेली पेटी ऑर्डर ऐकणार कशानं? तिचे कानच बंद! सांगलीत बसून तिला मारता येत होतं, उठवता येत नव्हतं. उभा जन्म वायरलेसवर काढलेला माणूस कपाळावर हात मारून माझ्या दुकानात आला. मी तासभर हसलो. शेवटी आक्काला फोन करून बटण दाबायला सांगितलं. तिनं दाबलं, हिरवा दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी परत बंद. तिसऱ्या दिवशी परत. मग रोजचंच झालं. सकाळचा चहा झाला की पेटी बंद, आणि सुभेदारांचा आक्काला फोन. माझं डोकं सटकलं. जोडणी मी केलेली, नाव माझं खराब. मी आक्काला फोनवर सांगून पेटीची सगळी कनेक्शनं तपासून घेतली, मनातल्या मनात शंभर कारणं काढली. एक प्लग मिळतो, पेटी बंद पडली की तोच तिला आपोआप चालू करतो. तो मागवला. सुभेदार म्हणाले, “बघू पुढच्या खेपंला.” पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या वेळी मी प्लग हातात घेऊन सकाळीच त्यांच्या घरी चढलो. म्हटलं, आज सोक्षमोक्ष.

ते कीबोर्डपुढं बसले होते. मला बसायची खूण केली, आणि माझ्या डोळ्यादेखत बंद करायची ऑर्डर टाइप केली. करंगळी. टक्क. चांगली चाललेली पेटी गप्प.

“अहो सुभेदार!” मी ओरडलोच.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, फोन लावला आणि स्पीकर चालू केला. “आक्का, पडलं बग पुन्हा.”

“पडलं? मुडदा बसिवला त्या डबड्याचा! तुला कुणी दिलं रं हे? थांब, हात धुते.” मग तिकडून पावलं, भांड्यांचा आवाज, पुन्हा ती. “दाबलं. लागला दिवा. गुडगा कालच्यापरीस बरा हाय, सोप्यातनं उठाय आलं पटकन. काळी शेळी व्यालीय, दोन करडं. एक जरा किरकोळ हाय, बाटलीनं पाजते. तू च्या घेतलास का? गोळी घेतलीस का छातीची?”

“सगळं ठीक हाय,” सुभेदार म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं. जगाला विचारणार, पण त्यांना कुणी विचारलं की सगळं ठीक हाय आणि टक्क. भाऊ-बहीण एकाच मातीचे.

फोन ठेवून ते माझ्याकडं वळले. “कशी हायस म्हणलं तर ठेवून देती. काम सांगितलं की गुडगा बी सांगती, शेळी बी सांगती. तुमचा प्लग चांगला हाय भाई. पर मला नको.”

मी प्लग खिशात घातला. माणूस किती हुशार आहे ह्याचं मला कौतुक वाटलं. “कुणाला बोलू नगा,” एवढंच त्यांनी बजावलं.

एका सकाळी मात्र आक्कानं फोन उचलला नाही. सुभेदारांनी परत लावला. शेजारणीला लावला, तीही उचलेना. ते माझ्या दुकानात आले तेव्हा पायात चप्पल नव्हती. “भाई, गाडी काढा,” म्हणाले. पहिल्यांदाच आधी न विचारता सांगितलं त्यांनी. मी शटर ओढलं आणि निघालो. तासगाव मागं पडलं. माणूस नुसता फोन हातात धरून बसलेला, अंगठा त्या नंबरावर. विट्याच्या अलीकडं फोन वाजला. “शेजारणीकडं शेवया करत हुते. दोघी बी तितंच. एवढं कशाला बोंबलतोस? दाबलंय बटण. कोण मेलं न्हाई.”

“बरं बरं,” सुभेदार म्हणाले. “मी आपलं सहज केला फोन.” आणि फोन ठेवून गाडीतच ढसाढसा रडले. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, पाण्याची बाटली दिली. आपण विट्यापर्यंत आलो होतो हे त्यांनी आक्काला शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

त्यानंतर बरेच महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी मी दुकान उघडत होतो आणि आक्काचा मला फोन आला. तिच्याकडं माझा नंबर होता, पण तिनं कधी लावला नव्हता.

“भाई, मशिन आज बंद पडलं न्हाई.”

मी म्हटलं, “मग चांगलंच झालं की आक्का.”

“काय चांगलं? काल सांजपास्नं एकच लागलंय. त्येनं बदललं न्हाई. रोज सकाळच्याला बंद करतोय, आज केलं न्हाई.”

मी गडबडलो. “बंद करतोय म्हणजे?”

“आवं, मला काय कळत न्हाई व्हय? रोज चा प्यायच्या टायमालाच बरं पडतंय ते! त्यो फोन उचलंना झालाय. तुमी आदी जावा. वर जाऊन बगा. जावा!”

मी शटर अर्धवट सोडून धावलो. दार आतून लावलेलं. दोघातिघांनी मिळून ते उघडलं. सुभेदार कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत होते, चष्मा डोळ्यांवर, मान किंचित खाली. जणू कुणाचं तरी वाक्य पुरं व्हायची वाट बघताहेत. मागाहून डॉक्टर म्हणाले, रात्रीच कधीतरी गेले, त्रास झाला नसावा. माझ्या हातातला फोन अजून चालू होता. मला तिला काही सांगायची वेळच आली नाही. माझं रडणं तिनं ऐकलं.

आक्का आली. रडली नाही, सुभेदारांच्या मुलीला धरून बसली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “त्येला वाटायचं, त्यो माझ्यावर ध्यान ठिवतोय. ठिवत हुता, न्हाई म्हणत न्हाई. पर त्येच्याकडं बगायला कोण हुतं हितं? गोळी घेतलीस का म्हणलं की ठीक हाय. छाती दुकती का म्हणलं की ठीक हाय. मग म्या म्हणलं, करू दे रोज बंद. सकाळी दिवा गेला की मला कळायचं, उठलाय आप्पा. मग कुटं माजा तवा चुलीवर चडायचा.”

इतके दिवस मला वाटत होतं की ते गुपित सुभेदारांशिवाय फक्त मला माहीत आहे.

दिवसकार्य आटोपल्यावर मी तिला गाडीनं माणात पोचवलं. सोप्यात गेलो तर देवळीत हिरवा दिवा तसाच, आणि पेटीतून नुसती सळसळ. भर उन्हाची वेळ, लांबची स्टेशनं तेव्हा येत नाहीत. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईला कशाला त्रास, बंद करावी. मी बटणाकडं हात नेला.

“हात लावू नगासा,” आक्का म्हणाली. “त्येनं लावलेलं हाय. सांजच्याला बोलाय लागतंय. कोण हाय, कुठलं हाय, मला काय कळत न्हाई. बोलू दे.”

मी हात मागं घेतला. चहा झाला. ती त्या किरकोळ करडाला बाटलीनं दूध पाजत बसली. आता ते चांगलं थोराड झालेलं, तरी बाटली सोडत नव्हतं. ऊन कललं तशी सळसळ कमी झाली, आणि पेटीत कुठल्या तरी देशातला एक माणूस संथपणे बोलायला लागला. आक्कानं बाटली खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

अंधार पडायच्या आत मी निघालो. ती गाडीपर्यंत आली. काच खाली होती, तिनं खिडकीवर हात ठेवला. काहीतरी सांगायचं होतं तिला. मी गाडी चालू केली नाही, थांबलो.

“भाई,” ती म्हणाली, “मशिन बंद नगा करू. पर सकाळच्याला फोन करत जावा. काम नसलं तरी करा. निस्तं, कशी हायस म्हणून इचारलं तरी चालंल.”